बालगीत आणि रहस्यकथा : रत्नागिरीच्या मौखिक परंपरेच्या संदर्भात

१. विषयप्रवेश

लहान मुलांच्या गाण्यावर खुनाची कादंबरी रचावी, ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु विसाव्या शतकातील इंग्रजी रहस्यकथेत हा एक सर्वमान्य प्रकार होऊन बसला आणि तेथून तो जपानी वाङ्मयातही रुजला. मराठीत रहस्यकथांचे पीक अमाप आले. बालगीते, बडबडगीते आणि आजीच्या गोष्टी यांची परंपराही मराठीत कमी संपन्न नाही. असे असूनही या दोन प्रवाहांचा संगम मराठी रहस्यकादंबरीच्या मुख्य धारेत घडून आला नाही. तो का घडला नाही आणि त्यामुळे अभ्यासकांच्या दृष्टीतून काय निसटले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या विचारासाठी रत्नागिरीचा प्रदेश सोयीचा आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हा जिल्हा दक्षिणेस गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेला होता. मुलांना गोड गोष्टी सांगणारे साने गुरुजी दापोली तालुक्यातील पालगडचे. बालकवितेत नवे वारे आणणारे विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर हे दोघेही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मले. एक धालवलीस, दुसरे वेंगुर्ल्यास. दुसरीकडे, रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची असून महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. म्हणजे छापील पुस्तक आणि तोंडी गाणे ही दोन्ही या भूमीत दीर्घकाळ शेजारी नांदली. ती एकमेकांशी बोलली नाहीत, हा प्रश्न म्हणूनच येथे अधिक ठळकपणे उभा राहतो.

२. आंग्ल परंपरेतील उगम व विकास

इंग्रजी बालगीतांत तपासाचे बीज आरंभापासूनच होते. रॉबिन पक्ष्याला कोणी मारले, असा प्रश्न करून एकेका प्राण्याची साक्ष घेणारे प्रसिद्ध गीत १७४४ च्या सुमारास छापील स्वरूपात आढळते. त्यात खून आहे, कबुली आहे, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे, आणि शेवटी अंत्ययात्राही आहे. गुप्तपोलीस कथेचा जन्म होण्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे हा साचा मुलांच्या ओठांवर होता.

त्याचा कादंबरीसाठी पद्धतशीर उपयोग करण्याचे श्रेय एस. एस. व्हॅन डाईन या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकास दिले जाते. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बिशप मर्डर केस’ या कादंबरीत रॉबिन आडनावाचा तरुण बाणाने मारला जातो, आणि संशय ज्याच्यावर येतो त्याच्या आडनावाचा अर्थ जर्मन भाषेत चिमणी असा होतो. पुढचे मृत्यूही एकेका बालगीताबरहुकूम घडतात. न्यूयॉर्कसारख्या महानगरात, गणितज्ञ आणि बुद्धिबळपटू यांच्या वर्तुळात, मुलांच्या गाण्याचे असे अक्षरशः अवतरण व्हावे, यातच त्या कादंबरीची भीषणता आहे.

या प्रकाराला खरी प्रतिष्ठा दिली ती ॲगाथा ख्रिस्ती यांनी. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे ‘अँड देन देअर वेअर नन’ या नावाने जगभर वाचल्या गेलेल्या त्यांच्या कादंबरीत दहा माणसे एका बेटावर एकत्र येतात. भिंतीवर टांगलेल्या गाण्यातील क्रमाने त्यांचा एकामागून एक अंत होतो, आणि प्रत्येक मृत्यूनंतर मेजावरील दहा बाहुल्यांतील एक नाहीशी होते. त्यानंतर ‘वन, टू, बकल माय शू’ (१९४०), ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ (१९४२), ‘क्रुकेड हाउस’ (१९४९), ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ (१९५३) आणि ‘हिकरी डिकरी डॉक’ (१९५५) अशी मालिकाच झाली. या सर्व कृतींत बालगीताचे कार्य सारखे नाही. शेवटच्या कादंबरीत ते जवळजवळ नावापुरते आहे. ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मध्ये मात्र मृताच्या खिशातील धान्यापासून दासीच्या नाकाला लावलेल्या कपड्यांच्या चिमट्यापर्यंत प्रत्येक तपशील गाण्याला अनुसरतो. ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्ये गाणे खुनाची रीत सांगत नाही, सोळा वर्षांपूर्वीच्या मृत्यूसंबंधी पाच संशयितांकडे पाहण्याची चौकट तेवढी पुरविते.

या प्रकाराचे मर्म क्रमात आहे. गाणे वाचकाला आधीच ठाऊक असल्यामुळे पुढील बळी कसा जाणार हे तो जाणतो; कोण जाणार आणि कोणाच्या हातून, एवढेच जाणत नाही. अर्धे ज्ञान आणि अर्धे अज्ञान यांच्या या ओढाताणीतून उत्कंठा निर्माण होते. शिवाय गाणे एकदा सुरू झाले की ते पुरे झाल्यावाचून थांबत नाही, हा बालपणीचा अनुभव वाचकाच्या मनात खोल रुजलेला असतो.

३. गाण्यामागील मूल

केवळ रचनाचातुर्य एवढेच या कादंबऱ्यांचे सामर्थ्य असते, तर त्या कोड्यांच्या वहीइतक्याच टिकल्या असत्या. बारकाईने पाहता, निरागस गाण्याच्या पाठीमागे पुष्कळदा एक अन्याय सोसलेले मूल उभे असते. बेटावरील दहांपैकी व्हेरा या शिक्षिकेने आपल्या हाती सोपविलेल्या सिरिल नावाच्या मुलाला, तो बुडेल हे जाणून, समुद्रात पोहत जाऊ दिलेले असते. ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मध्ये वडिलांच्या मृत्यूचा सूड घ्यावा अशी शपथ आईने आपल्या मुलांना लहानपणीच घातलेली असते. मुलांचे गाणे हे जणू मुलांच्या वतीने सादर झालेले वसुलीचे कागद होत.

‘द माउसट्रॅप’ या नाटकाच्या बाबतीत हा संबंध वास्तवाशी येऊन भिडतो. ‘तीन आंधळे उंदीर’ या बालगीताच्या नावाने ते प्रथम ३० मे १९४७ रोजी नभोनाट्य म्हणून प्रसारित झाले, आणि नव्या नावाने २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या रंगभूमीवर आले. त्याची प्रेरणा एका खऱ्या घटनेत आहे. डेनिस ओ’नील नावाचा बारा वर्षांचा मुलगा ९ जानेवारी १९४५ रोजी श्रॉपशर परगण्यातील एका शेतघरात, ज्या पालकांच्या स्वाधीन सरकारी यंत्रणेने त्याला केले होते त्यांच्याच छळाने मरण पावला. या प्रकरणाची सरकारी चौकशी झाली. अनाथ व निराधार बालकांच्या संगोपनासंबंधी १९४८ साली इंग्लंडात जो कायदा झाला, त्याच्या पार्श्वभूमीत या मृत्यूचा वाटा मोठा आहे. प्रेक्षक जे गाणे ऐकून मनोरंजनाच्या अपेक्षेने आसनावर सरसावून बसतो, त्याच्या तळाशी हा मुलगा आहे.

गाणीही स्वभावतः निरागस नसतात. दहा माणसांचे मूळ गीत सेप्टिमस विनर याने १८६८ साली अमेरिकेत रचले. त्यात तेथील मूळ रहिवाशांची टवाळी होती. १८६९ साली फ्रँक ग्रीन याने इंग्लंडात त्याचे रूपांतर केले. त्यात कृष्णवर्णीयांची होती. तोंडाला काळे फासून करावयाच्या रंगमंचीय करमणुकीसाठी ते लिहिले गेले आणि मागाहून मुलांच्या खोलीत शिरले. कादंबरीचे पहिले इंग्रजी शीर्षक याच अपमानकारक शब्दावर आधारलेले असल्याने ते पुढे टाकून द्यावे लागले. समाजातील क्रौर्य जेव्हा उघडपणे बोलण्याजोगे राहत नाही, तेव्हा ते मुलांच्या गाण्यात जाऊन बसते, असे या इतिहासावरून म्हणावयास हरकत नाही.

४. जपानी उदाहरण

हा प्रकार पाश्चात्त्य संस्कृतीबाहेर रुजू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर सेइशी योकोमिझो या जपानी कादंबरीकाराने दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४७-४८ मध्ये, त्याने ‘गोकुमोन-तो’ ही कादंबरी लिहिली. तीत बालगीताच्या जागी हायकू आहेत. एका बेटावरील तीन बहिणींचे मृत्यू त्या हायकूंना अनुसरून रचले जातात. पुढे १९५७ ते १९५९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘अकुमा नो तेमारिउता’ या कादंबरीत तो प्रत्यक्ष मुलींच्या गाण्याकडे वळला. चेंडू उडविताना मुली जे गाणे म्हणतात, त्यातील तीन चिमण्या गावातील तीन मुलींची हकीकत सांगतात, आणि डोंगरात दडलेल्या त्या खेड्यात गाण्याप्रमाणे मृत्यू घडू लागतात.

विशेष हे की हे गाणे पारंपरिक नसून लेखकाने स्वतः रचलेले आहे. परंपरेत नेमके हवे तसे गाणे नव्हते, म्हणून त्याने परंपरेच्या घाटणीचे गाणे निर्माण केले. यावरून स्पष्ट होते की या प्रकारासाठी सर्वांना मुखोद्गत असे छापील गीत अनिवार्य नाही. मुलांच्या गाण्यात गावाची दडपलेली स्मृती असू शकते, हा विश्वास तेवढा लेखकाच्या ठायी हवा.

५. मराठी रहस्यकथेचे कूळ

मराठीत हे का झाले नाही, याचे पहिले सुचणारे कारण असे की इंग्रजी बालगीते छापील ग्रंथांमुळे स्थिरपाठी झाली, तर मराठी गाणी तोंडी असल्याने गावागणिक बदलत राहिली. आणि पाठ स्थिर नसेल तर वाचकाला पुढील घटनेची चाहूल लागणार कशी? हे कारण सयुक्तिक भासते. परंतु ते टिकत नाही. दहा जणांच्या गाण्यालाच दोन शेवट आहेत. एकात उरलेला एकटा स्वतःला फास लावून घेतो, दुसऱ्यात तो लग्न करतो. ख्रिस्ती यांनी कादंबरीत पहिला शेवट स्वीकारला, आणि १९४३ साली रंगभूमीवर आलेल्या नाट्यरूपात दुसरा. इतकेच नव्हे, तर कादंबरीच्या अखेरच्या प्रसंगात शेवटच्या ओळीविषयीची पात्राच्या मनातील अनिश्चितता हीच परिणामकारक ठरली आहे. म्हणजे पाठभेद हा अडथळा नसून एक संधी आहे.

खरे कारण मराठी रहस्यकथेच्या कुळात शोधावे लागते. गो. ना. दातार यांच्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ आदी कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला रहस्याची गोडी लावली. त्यांचे नाते इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या अद्भुतरम्य कथांशी होते. गुहा, भुयारे, वेषांतरे, हरवलेले वारस अशी ती सृष्टी होती. बाबुराव अर्नाळकर यांनी ती शहरात आणली. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे घराघरांत पोचली. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या हजारावर गेली. १९९६ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत वाचकांच्या कित्येक पिढ्या त्यांच्यावर पोसल्या होत्या. या कादंबऱ्यांतील रस नायकाच्या धाडसात आहे. तो संकटातून कसा सुटतो हा तेथील मुख्य प्रश्न. कोणी केले आणि का केले हा दुय्यम. बालगीताचा साचा मात्र नायकाचा नसून गुन्हेगाराचा असतो. त्याला बंदिस्त जागा, मोजकी माणसे आणि आधी ठरलेला क्रम लागतो. धाडसकथेच्या मोकळ्या मैदानात त्याला मूळ धरता आले नाही.

याच्या उलट दिशेने मात्र एक मोठे कार्य झाले. भा. रा. भागवत यांनी फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ ‘फास्टर फेणे’ निर्माण करून रहस्यकथा मुलांच्या हाती दिली. मराठीत रहस्य मुलांकडे गेले. मुलांचे गाणे रहस्याकडे आले नाही. बालवाङ्मय म्हणजे संस्कार आणि आनंद, ही शालेय दृष्टी आपल्याकडे इतकी प्रबळ होती की त्यात काही भयंकर साठलेले असू शकते हे सहसा कोणी पाहिलेच नाही.

चित्रपटाने जे रूपांतर केले तेही या दृष्टीने बोलके आहे. राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला ‘गुमनाम’ हा हिंदी चित्रपट १९६५ साली मुंबईच्या चित्रपटसृष्टीतून बाहेर पडला. त्याची मूळ कल्पना ख्रिस्ती यांच्या बेटावरील कादंबरीची. पण मोजणीचे बालगीत त्यात नाही. त्याच्या जागी लता मंगेशकरांच्या आवाजातील, दूर कोठून तरी ऐकू येणारे गूढ गीत आले. मराठीत १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातही गाण्याला असेच भयसूचक स्थान मिळाले. अशा ठिकाणी गाणे वातावरण निर्माण करते, पुरावा देत नाही. त्याचे भय राहिले, तर्क गळून पडला.

६. रत्नागिरीच्या अंगणातील साहित्य

आता प्रश्न उरतो तो असा की मराठी बालगीतांत आणि बालकथांत असा तर्क मुळात होता काय? कोकणासह महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात परिचित असलेल्या दोन उदाहरणांवरून त्याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते.

पहिले उदाहरण चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचे. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घराचे दार ठोठावतो, आणि चिमणी एकामागून एक सबबी सांगून त्याला ताटकळत ठेवते. कोकणात, जेथे पावसाळ्याचे चार महिने धो धो पाऊस कोसळत असतो, तेथे या गोष्टीला वेगळेच वास्तव प्राप्त होते. तिचे शेवट अनेक आहेत. कोठे कावळा तापलेल्या तव्यावर बसून भाजतो. कोठे तो आत शिरतो, रात्री अंधारात काहीतरी कुरतडल्याचा आवाज येतो, चिमणी विचारते, कावळा खोटे उत्तर देतो, आणि काय नाहीसे झाले ते सकाळी कळते. बंद घर, एक पाहुणा, रात्रीचा आवाज, खोटी जबानी आणि सकाळचा उलगडा एवढी सामग्री या चिमुकल्या गोष्टीत आहे. दोन शेवटांत अपराधीही बदलतो. पहिल्यात आश्रय मागणाऱ्याला जाळणारी चिमणी दोषी, दुसऱ्यात घात करणारा कावळा. गोष्ट सांगणारी आजी कोणाची बाजू घेते, यावर निकाल अवलंबून असतो.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. आश्विनात, हस्त नक्षत्राच्या सुमारास, पाटावर हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती मुली फेर धरतात, तोच भोंडला. त्यातील वेड्या नवऱ्याचे गाणे सर्वपरिचित आहे. बायको करंज्या करते. नवरा त्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो. ती लाडू करते. तो त्यांना चेंडू समजून खेळतो. कडव्यांतील पदार्थ गावोगावी कमीजास्त होतात, परंतु रीत एकच आहे, आणि प्रत्येक कडव्याला हशा पिकतो. शेवटी बायको झोपलेली असते. ती मेली असे समजून वेडा तिला जाळून टाकतो. त्यालाही हशाच पिकतो.

रहस्यकथेच्या वाचकाच्या दृष्टीने हे गाणे तपासले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे त्याचा क्रम. निरुपद्रवी चुकांची मालिका एकेक पायरी चढत मृत्यूपर्यंत जाते, आणि आधीच्या चुकांनी श्रोत्याला इतके सैलावून ठेवलेले असते की शेवटची चूकही त्याला चूकच वाटते. दुसरी अधिक महत्त्वाची. या गाण्याचे ध्रुपद बायकोच्या तोंडी आहे. असा नवरा आपल्या नशिबी कसा आला, असा तिचा प्रश्न प्रत्येक कडव्यानंतर येतो. शेवटच्या कडव्यानंतरही तो येतो. म्हणजे जी जाळली गेली तीच अजून विचारीत आहे. या मृत्यूची चौकशी गाण्यात कोणी करीत नाही. नवरा वेडा होता, एवढ्या एका शब्दावर प्रकरण मिटविले जाते. तपासाचा प्रश्न तेवढा ध्रुपदाच्या रूपाने शिल्लक राहतो, आणि तो फेर धरलेल्या मुलींच्या सामूहिक आवाजात उच्चारला जातो.

भोंडल्याचा शेवट खिरापतीने होतो, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. झाकलेल्या डब्यात काय आहे ते मुलींनी प्रश्न विचारीत, गोड की तिखट असे पर्याय बाद करीत ओळखावयाचे असते. एकेक शक्यता दूर सारून निष्कर्षावर येण्याची ही रीत म्हणजे तर्काचा खेळच होय. एकाच संध्याकाळी, एकाच अंगणात, न उलगडलेल्या मृत्यूचे गाणे आणि उलगडा करण्याचा खेळ शेजारी शेजारी आले होते. ती दोन टोके जोडणारा कादंबरीकार तेवढा लाभला नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की बालगीताधिष्ठित रहस्यकथा मराठीत झाली नाही, याचे कारण सामग्रीचा अभाव हे नव्हे. रहस्यकथेने धाडसाचा मार्ग धरला आणि बालवाङ्मयाने संस्काराचा. दोहोंच्या मध्ये जी जागा राहिली तीत मुलींची गाणी दुर्लक्षित पडली. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाने त्यांची दखल घेतली, हे खरे. दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ या १९५६ सालच्या ग्रंथाने या अभ्यासाला शास्त्रीय पाया दिला, आणि सरोजिनी बाबर यांच्या परिश्रमांमुळे गावोगावच्या स्त्रीगीतांची प्रचंड सामग्री छापली गेली. तथापि विधी, नाती आणि सण अशा वर्गीकरणात गाणे बसविले की त्याच्या अंतर्गत क्रमाकडे आणि शेवटाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

रहस्यकथेच्या अभ्यासाचा लोकसाहित्याला होणारा उपयोग येथेच आहे. कोणी केले, कोणी पाहिले, कोण गप्प बसले आणि शेवट कोणी बदलला, हे प्रश्न गाण्याला विचारता येतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ज्या वृद्ध स्त्रियांना ही गाणी मुखोद्गत आहेत त्यांच्याकडून ती उतरून घेताना, केवळ शुद्ध पाठ कोणता याचा शोध पुरेसा नाही. शेवटचे कडवे कोणत्या गावात कसे म्हणतात, कोठे ते म्हणावयाचे टाळतात, आणि म्हणताना कोणी हसेनासे झाले आहे काय, याचीही नोंद हवी. पाठभेदाच्या अशा नोंदींतूनच एखाद्या प्रदेशाने कोणती गोष्ट मुलींच्या खेळात झाकून ठेवली, हे कळण्याची शक्यता आहे. डेनिस ओ’नीलसाठी चौकशी झाली, कायदा झाला, नाटक झाले. भोंडल्यातील जाळल्या गेलेल्या बायकोला नावही नाही. तिच्यापाशी तिचे ध्रुपद तेवढे आहे.